वाळवंटी टेहळणी वाहने

दुसऱ्या महायुद्धात लिबियन वाळवंटात दूरवर टेहळणी करणाऱ्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुप या ब्रिटिश दलाची वाहने. दलाचे संस्थापक राल्फ बॅगनल्ड यांनी १९३० च्या सुमारास स्वखर्चाने, फोर्डच्या स्वस्त गाड्यांतून हे वाळवंट पालथे घातले होते. १९४० मध्ये त्यांनी अलेक्झांड्रियातील विक्रेत्याकडून १४ व ईजिप्शियन सैन्याकडून १९ शेव्हरोले ट्रक मिळविले. त्यांची केवळ मागील चाकेच एंजिनाने फिरत. १९४१ मध्ये चारही चाके चालविणारे फोर्ड ट्रक आले. ते दणकट, पण जड असून त्यांना पेट्रोल फार लागे. साहजिकच पल्ला घटला. १९४२ मध्ये दल पुन्हा मागील चाकांवर चालणाऱ्या शेव्हरोले ट्रककडे वळले. रुतलेला ट्रक चाकांखाली पोलादी पन्हळ्या घालून बाहेर काढता येई. पेट्रोल मात्र शेकडो किमी.मध्ये कोठेही मिळत नसे.