एकोणचाळीस आकड्यांची मूळ संख्या

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. दोनच्या १२७ व्या घातातून एक वजा केला की ही ३९ आकडी संख्या मिळते. ती मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही तिला निःशेष भाग जात नाही, हे फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी १८७६ साली केवळ हाताने आकडेमोड करून दाखवले.

शाळेत शिकवलेली रीत येथे निरुपयोगी ठरते. वर्गमूळापर्यंतच्या केवळ विषम संख्यांनी भागून पाहायचे म्हटले आणि दर सेकंदाला एक भागाकार उरकला, तरी सुमारे वीस हजार कोटी वर्षे लागतील. मग ल्युकांनी हे साधले कसे?

या प्रश्नाचे मूळ १६४४ सालात आहे. मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने असे प्रतिपादन केले होते, की २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी फक्त अकरा घातांकांसाठी अशा रूपाची संख्या मूळ असते. त्या यादीत ६७ होता आणि १२७ ही होता. पुरावा मात्र दिलेला नव्हता.

ल्युकांनी अवयव शोधण्याचा नादच सोडला. त्यांच्या कसोटीचे सुटसुटीत रूप पुढे डी. एच. लेहमर यांनी दिले. ४ पासून आरंभ करावा. दर पायरीला वर्ग करून २ वजा करावेत आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवावी. दोनचा सातवा घात उणे एक, म्हणजे १२७, ही छोटी संख्या घेऊ. बाक्या येतात ४, १४, ६७, ४२, १११ आणि शेवटी ०. घातांकाहून दोनने कमी इतक्या पायऱ्यांनंतर शून्य आले, तर संख्या मूळ, एरवी संयुक्त. ३९ आकडी संख्येसाठी या रीतीने अवघ्या १२५ पायऱ्या पुरतात.

याच विचारसरणीने ल्युकांना ६७ या घातांकाची संख्या संयुक्त असल्याचे कळले, पण तिचा एकही अवयव हाती लागला नाही. ते अवयव, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७, फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ साली न्यूयॉर्कमध्ये मांडले. संख्या फुटते हे कळणे आणि ती कुठे फुटते हे कळणे, या दोन ज्ञानांमध्ये सत्तावीस वर्षांचे अंतर पडले. मर्सेन यांच्या यादीत ६७ व २५७ चुकून आले होते आणि ६१, ८९ व १०७ सुटले होते, हेही कालांतराने स्पष्ट झाले. १२७ मात्र खरा ठरला.

ल्युकांची संख्या पंचाहत्तर वर्षे सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या राहिली. १९५१ साली यंत्रांनी तो मान हिरावून घेतला. त्याच वर्षी केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर मिलर आणि व्हीलर यांना ७९ आकडी मूळ संख्या सापडली. तिची घडण पाहण्याजोगी आहे: ल्युकांच्या संख्येचा वर्ग, त्याची १८० पट आणि अधिक एक. ज्या संख्येचा विक्रम मोडला, तीच नव्या विक्रमाच्या पायाशी होती.