कुठल्या कंपनीचं इंजिन चांगलं? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास



"पाण्याचं इंजिन कुठल्या कंपनीचं घेऊ?" हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतोच. उत्तरं पण ठरलेली. "आमच्या आज्जानं घेतलेलं अजून चालू आहे." "ती कंपनी नको, चुलत्याच्या इंजिनाचा क्रँक दोन वर्षांत तुटला." दोघंही खरं बोलतात. तरी तेवढ्यावर कंपनी ठरवता येत नाही. का, ते बघायला थोडं मागं जाऊ.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर काढला. सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडानं जमीन नासते, असं लोक म्हणायचे. आज आपण हसतो, पण नांगर फसला तर वर्ष शेतकऱ्याचं जाणार होतं, कारखानदाराचं नाही. पुढं 1910 साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तोच नांगर घरोघरी गेला.

इंजिनांचं तसंच. आधी लिस्टर, रस्टन ही विलायती नावं. मग 1946 साली पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली. 1962 साली कोथरूडला किर्लोस्कर-कमिन्सचा मोठ्या डिझेल इंजिनांचा कारखाना आला. राजकोटकडं 'लिस्टर टाइप' इंजिनं बनू लागली. नावं वाढली, तसा कुठलं नाव खरं हा घोर पण वाढला.

आता कोथरूडच्या वेताळ टेकडीकडं बघा. टेकडीवर एआरएआय आहे, 1966 सालची संस्था. तिथं गाड्या, इंजिनं तपासतात: ताकद, धूर, सुरक्षितता. ट्रॅक्टरची चाचणी मध्य प्रदेशात बुदनीला होते. तिचा अहवाल वाचण्यासारखा असतो. पीटीओची ताकद किती, डिझेल किती, ओढ किती, सगळं मोजलेलं. पण ती चाचणी ठरावीक तासांची. असे हजार ट्रॅक्टर पाच वर्षं चिखलात, धुळीत राबले तर त्यातले किती बसतील, हे त्यात नसतं.

टेकडीपलीकडं पाषाणला एआरडीई ही लष्करी संशोधन संस्था आहे. इन्सास रायफलची रचना तिथली. 1999 च्या कारगिल युद्धात थंडीनं तिचं प्लास्टिकचं मॅगझिन तडकल्याच्या तक्रारी आल्या. तेव्हापासून "इन्सास बेकार, एके-47 कधी अडकत नाही" असं कोणीही सांगतं. पण दोन्ही बंदुका सारख्याच थंडीत, सारख्याच देखभालीत, किती हजार गोळ्यांमागं किती वेळा अडकल्या? हा हिशोब सांगणाऱ्याकडं नसतो. शिवाय तडकलं मॅगझिन, नाव गेलं अख्ख्या रायफलचं. आपल्याकडं नोझल खराब होतो आणि 'इंजिनच भिकार' ठरतं, त्यातलाच प्रकार.

ऐकीव माहितीत तीन गफलती असतात.

पहिली, भंगारात गेलेलं इंजिन कोणी दाखवत नाही. विहिरीवर चाळीस वर्षं टिकलेलं एक दिसतं. त्याच वर्षी घेतलेल्या बाकीच्यांचं काय झालं, ते कोण मोजतं?

दुसरी, एकूण किती होती ते धरायचं राहतं. समजा गावात एका कंपनीची 40 इंजिनं, त्यातली 8 बिघडली. दुसरीची 4, त्यातली 2 बिघडली. पारावर आठ तक्रारी पहिलीच्याच ऐकू येणार. खरं तर तिथं पाचात एक बिघडलं, दुसरीकडं दोनात एक. आणि चारावरून दुसरीलाही ठाम नाव ठेवता येत नाही.

तिसरी, वापर सारखा नसतो. एक इंजिन वर्षाला 200 तास चालतं, दुसरं 1000. एकाचं ऑइल वेळेवर बदलतात, दुसऱ्याचं काळं डांबर होईपर्यंत नाही.

यावर अमेरिकेतल्या नेब्रास्कात शेतकऱ्यांनी उपाय काढला होता. विल्मॉट क्रोझियर नावाच्या शेतकऱ्यानं 'फोर्ड' नावाचा ट्रॅक्टर घेतला. हेन्री फोर्डचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, नुसतं नाव वापरलं होतं. ट्रॅक्टर निकामी निघाला. पुढं क्रोझियर आमदार झाला आणि 1919 साली कायदा झाला. राज्यात विकायचं मॉडेल आधी विद्यापीठात तपासायचं, आणि कंपनीनं सुट्या भागांचा साठा राज्यातच ठेवायचा. ही दुसरी अट मला जास्त शहाणपणाची वाटते. यंत्र कधीतरी बिघडणारच, हे त्यात धरलेलं आहे. पाण्याची पाळी चालू असताना इंजिन बंद पडलं तर पार्ट संध्याकाळी मिळतो का आठ दिवसांनी, यावर पीक ठरतं.

म्हणून घ्यायच्या आधी मालकापेक्षा मिस्त्रीला विचारा. त्याच्याकडं सगळ्या कंपन्यांची इंजिनं येतात. तालुक्याला पिस्टन, नोझल, पंपाचे पार्ट मिळतात का, ते स्वतः दुकानात जाऊन बघा. ट्रॅक्टर असेल तर बुदनीचा अहवाल मागा.

आणि घेतल्यावर एक वही ठेवा: तारीख, चाललेले तास, ऑइल कधी बदललं, काय बिघडलं, खर्च किती. एका वहीनं कंपनी कळणार नाही. पण गावातल्या वीस-पंचवीस वह्या एकत्र आल्या, तर पारावरच्या गप्पांपेक्षा ते बरंच पक्कं असेल.

तुमच्या इंजिनाचे तास किती झाले, लिहा खाली. बिघडलेल्यांचं आधी लिहा.