नोंदवही, दाई आणि दवाखाना

हैदराबाद संस्थानात १३२९ फसलीमध्ये, म्हणजे इ. स. १९१९ साली, हिजड्यांसंबंधी एक कायदा करण्यात आला. शहरातील ज्या हिजड्यांवर मुले पळविण्याचा, त्यांचे पुरुषत्व नष्ट करण्याचा वा ‘अनैसर्गिक’ कृत्यांचा संशय असेल, त्यांची नोंदवही सरकारने ठेवावयाची होती. नोंद झालेला इसम बायकी पोशाखात वा दागिने घालून रस्त्यावर दिसला, गाता-नाचताना आढळला, तर विनावॉरंट अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद! साचा अर्थातच उसना होता. ब्रिटिशांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागावरून तो घेतलेला दिसतो. आणि नवल असे की, ब्रिटिश मुलखात तो भाग १९११ मध्येच रद्द झाला होता.

या कायद्यांतील व्याख्या मुद्दाम पाहण्याजोगी आहे. हिजडा कोण? जो पुरुष आपले नपुंसकत्व स्वतः कबूल करतो, किंवा वैद्यकीय तपासणीत तसा स्पष्ट दिसून येतो, तो. म्हणजे या समाजाच्या बाबतीत कायद्याने डॉक्टरकडे जे काम सोपविले, ते उपचाराचे नव्हे, ओळख पटविण्याचे. तृतीयपंथीयांना सरकारी दवाखान्याची भीती का वाटते, असे आज विचारणाऱ्यांनी ही व्याख्या एकदा वाचावी.

अशा स्थितीत ‘निर्वाणा’चा विधी दाईच्याच हाती राहिला. भारतीय दंडसंहितेच्या ३२० व्या कलमात ‘गंभीर दुखापतीं’च्या यादीत पहिलेच स्थान पुरुषत्वहरणाला होते, निष्णात शल्यविशारदानेही हात आखडता घ्यावा, अशीच ती तरतूद. दाई बहुचरामातेचे नाव घेऊन, भूल न देता शस्त्र चालवी. पुढे चाळीस दिवसांचा एकांतवास. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, मूत्रमार्ग आकसणे ही संकटे तर होतीच. पण वृषण गेल्यावर बाहेरून संप्रेरके मिळाली नाहीत, तर हाडे ठिसूळ होतात, हे सांगणारे कोण होते? उलट सल्ल्यावाचून, मनाच्या मापाने गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या, तर रक्तात गुठळ्या होण्याचा धोका. आणि दवाखान्यात गेलेच, तर पहिला प्रश्न पुरुषांचा वॉर्ड की बायकांचा!

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लिंगओळख ठरविण्याचा हक्क ज्याचा त्याला दिला, शस्त्रक्रियेची अट नाकारली आणि रुग्णालयांत योग्य उपचारांची सोय करण्यास सरकारांना सांगितले. २०१९ च्या केंद्रीय कायद्यात संप्रेरकोपचार, शस्त्रक्रिया, विमा, इतकेच नव्हे तर वैद्यकीय अभ्यासक्रमाचा फेरविचारही आला. मात्र स्त्री वा पुरुष अशी नोंद हवी असल्यास वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागेल, असेही त्याच कायद्याने म्हटले. डॉक्टर पुन्हा दाराशी उभा राहिला तो असा.

हैदराबादचा जुना कायदा एवढे होऊनही पुस्तकात राहिलाच होता. वैजयंती वसंता मोगली व इतरांच्या याचिकेवर तेलंगणा उच्च न्यायालयाने ६ जुलै २०२३ रोजी तो घटनाबाह्य ठरविला. त्याआधीच, २०२१ मध्ये, याच शहरात ‘मित्र’ नावाचा दवाखाना निघाला होता. तेथे तपासणारे, समुपदेशन करणारे बरेचसे याच समाजातील. संप्रेरकांचा सल्ला, मानसोपचार, एच.आय.व्ही. तपासणी सारे एका छताखाली. कल्याण व पुणे येथेही त्याच्या शाखा झाल्या. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबविली आणि तिन्ही दवाखान्यांना टाळे लागले. हैदराबादचा दवाखाना त्याच वर्षी टाटा न्यासाच्या साहाय्याने ‘सबरंग’ या नव्या नावाने उघडला.