ओठ न मिटणारे रामायण

फराळाचे ताट क्षणभर बाजूला सारा आणि एक गंमत करून पाहा. ‘राम’ म्हणा. ओठ मिटले ना? आता ‘दाशरथी’ म्हणा. ओठ एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत! सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी आमच्या बारामतीत एका पुराणिकाने हाच नियम धरून रामायण रचले.

हे पुराणिक म्हणजे कविवर्य मोरोपंत पराडकर. जन्म १७२९ सालचा, पन्हाळ्याचा. पुढे बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ते बारामतीस आले आणि १७९४ मध्ये येथेच त्यांनी देह ठेवला. कऱ्हाकाठी पुराण सांगावे आणि आर्या रचाव्यात, हा त्यांचा क्रम. एकशे आठ रामायणे त्यांच्या नावावर सांगतात. त्यांतलेच हे ‘निरोष्ठ रामायण’. प, फ, ब, भ, म ही अक्षरे त्यात वर्ज्य. म्हणजे राम, लक्ष्मण, भरत, हनुमान ही सारी नावेही वर्ज्यच!

खरे सांगायचे तर पुष्कळ वर्षे मी याला शब्दांची कसरत समजत असे. माझे डोळे उघडले ते इंदापूरहून दिवाळीला आलेल्या भाचीमुळे. ती गणित शिकते. आर्येतल्या मात्रा मी तिला समजावून देत होतो. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग चार मात्रांचा गण किती प्रकारांनी जुळेल? मोजता मोजता पाच प्रकार निघाले. पाच मात्रांचे आठ, सहांचे तेरा. प्रत्येक आकडा आधीच्या दोहोंची बेरीज!

“मामा, ही तर आमची फिबोनाचीची श्रेणी!” ती उद्गारली.

आहेच मुळी. शेवटचे अक्षर लघू असेल तर मागे एक मात्रा कमी उरते, गुरू असेल तर दोन. म्हणून ती बेरीज. हे आपल्या छंदःशास्त्रकारांनी ओळखले होते. विरहांकाने ते आधीच सांगितले, हेमचंद्राने बाराव्या शतकात मांडले. पिसाच्या लिओनार्दोचा, म्हणजेच फिबोनाचीचा, ग्रंथ १२०२ चा. कवितेच्या अंगणात गणित असे कधीचेच नांदत होते.

विसाव्या शतकात पॅरिसला पुन्हा हा संसार मांडला गेला. १९६० मध्ये लेखक रेमों केनो आणि गणितप्रेमी फ्रांस्वा ल लिओने यांनी ‘उलिपो’ नावाचे मंडळ काढले. आधी गणितासारखा कडक नियम घालायचा आणि त्यात काय काय लिहिता येते ते शोधायचे, हे त्यांचे व्रत. त्यांच्यातल्या जॉर्ज पेरेकने १९६९ मध्ये फ्रेंचमधले सर्वांत जास्त लागणारे ‘ई’ हे अक्षर पूर्णपणे गाळून कादंबरी लिहिली. पेरेकचे वडील १९४० मध्ये युद्धात पडले होते, आई १९४३ मध्ये आउश्वित्झला नेली गेली, ती परतली नाही. त्या गाळलेल्या अक्षरात अनेक वाचकांना त्याची हरवलेली माणसे दिसतात.

हे कळल्यापासून मी ‘कसरत’ हा शब्द मागे घेतला आहे. रामनाम घेण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या पंतांनी तेच नाव बाजूला ठेवून रामाची कथा सांगितली. असे करताना त्यांना पदोपदी त्याच नावाची आठवण झाली नसेल काय?

भाचीने ओठांत कागदाचा कपटा धरून ‘दाशरथी’ म्हणून पाहिले. कपटा पडला, आणि ती हसून म्हणाली, “अरे रामा!”