दिवाळी अंक कोणी टिकवला?

मराठी दिवाळी अंकाचा इतिहास बहुधा १९०९ पासून सांगितला जातो. त्या वर्षी काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ अंक त्यांच्या डोळ्यांसमोर होते. पुढे किर्लोस्कर, मौज, दीनानाथ दलालांची ‘दीपावली’, अनंत अंतरकरांचा ‘हंस’, मधुकर पाटकरांचा ‘आवाज’ अशी नावांची माळ लागते आणि इतिहास पुरा झाला असे आपण समजतो. हा संपादकांचा इतिहास आहे आणि तो खराही आहे. पण मित्र १९२० मध्ये वारले, ‘मनोरंजन’ काही वर्षांनी बंद पडले, ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये थांबली, ‘मौज’ साप्ताहिक राहिले नाही, तरी ‘मौजे’चा दिवाळी अंक येत राहिला. बाराही महिने निघणारी नियतकालिके एकामागून एक मिटली आणि वर्षातून एकदा निघणारा जाडजूड अंक तगला. हे संपादकांच्या कर्तबगारीवरून उलगडत नाही. माझ्या मते त्याचे उत्तर सार्वजनिक वाचनालयांच्या देवघेव विभागात आहे. दिवाळी अंक संपादकांनी जन्माला घातला, टिकवला मात्र वाचनालयांनी.

वाचनालये दिवाळी अंकापेक्षा बरीच जुनी. रत्नागिरीचे १८२८ मधले, नाशिकचे १८४० मधले, पुण्याचे १८४८ मधले. पुण्याच्या स्थापनेत लोकहितवादींचा हात होता. आरंभी अशा काही वाचनालयांचे नाव ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ असे असे, गोऱ्या अंमलदारांचा आश्रय असे आणि इंग्रजी पुस्तकांचा मान मोठा असे. मराठी पुस्तक हेच ज्यांचे प्रयोजन, अशा संस्था शतकाच्या अखेरीस उभ्या राहिल्या: ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये, मुंबईचे १८९८ मध्ये. ‘मनोरंजन’ मासिकही याच दशकातले, १८९५ चे. म्हणजे दिवाळी अंक निघाला तेव्हा मराठी वाचण्यासाठी वर्गणी भरणारा, ठरल्या दिवशी अंक परत करणारा वाचक आधीच तयार होता. सणाने निमित्त पुरवले. पावसाळा सरलेला, शाळांना सुटी, घरात पाहुणे, हे सगळे खरेच. पण सण गुजराती आणि कानडी घरांतही तोच होता. मराठीत शेकड्यांनी दिवाळी अंक निघू लागले, त्याला दिव्यांच्या जोडीला वाचनाची एक सामाईक व्यवस्था लागली.

ती व्यवस्था पैशावर कशी चालते, हे पाहिले की मुद्दा स्पष्ट होतो. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डेन यांना अमेरिकेहून बोलावून राज्याच्या खर्चाने मोफत ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. ब्रिटिश मुलखातल्या मराठी वाचनालयांना असा राजा नव्हता. ती वर्गणी आणि देणग्यांवर उभी होती. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याने शासनमान्य ग्रंथालयांना अनुदान दिले, अ, ब, क, ड असे वर्ग ठरवले. पण मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात होता तसा ग्रंथालय कर आपल्या कायद्यात आला नाही. हक्काचा कर नाही म्हटल्यावर रोजचा खर्च भागवायला वर्गणीचाच आधार. त्यातली नियमित वर्गणी वाढवणे कठीण, कारण वाढवली की सभासद गळतात. अशा संस्थेला दिवाळी अंक योजना म्हणजे मोठा आधार. वेगळे शुल्क घ्यायचे, त्या पैशातून अंकांचा संच आणायचा, पुठ्ठा घालायचा, शिक्का मारायचा आणि पुढचे काही महिने तो सभासदांमध्ये फिरवायचा. मासिकासाठी वाचनालयाला खिशातून खर्च करावा लागतो. दिवाळी अंक मात्र वाचकाने स्वखुशीने भरलेल्या पैशातून येतो, आणि नेटके नियोजन असेल तर गाठीला दोन पैसे राहतात. मासिके गेली आणि दिवाळी अंक राहिला, याचे एक मोठे कारण मला या हिशेबात दिसते. सभासदालाही तो सोयीचा पडतो. एका घराला दहा अंक विकत घेणे झेपत नाही. योजनेत तो विनोदासाठी ‘आवाज’, रहस्यकथेसाठी ‘धनंजय’, अद्भुतासाठी ‘नवल’ आणि वैचारिक लेखांसाठी ‘साधना’ असा फिरत जातो. एकाच कुटुंबातल्या चार जणांच्या चार आवडी एका शुल्कात भागतात.

यावर पहिला आक्षेप प्रकाशकांच्या बाजूचा आहे आणि तो गंभीर आहे. एक प्रत पन्नास घरांत फिरली तर एकोणपन्नास प्रती विकल्या गेल्या नाहीत, मग वाचनालयाने अंक टिकवला की त्याची विक्री खाल्ली? हिशेब वरवर बिनचूक वाटतो. पण त्यात असे गृहीत आहे की वाचनालय नसते तर त्या पन्नास जणांनी अंक विकत घेतला असता. घेतला असता तर चार-दोन प्रसिद्ध नावांचा. जिल्ह्याच्या गावी निघणारा, एकाच विषयाला वाहिलेला किंवा नव्या कवींना जागा देणारा अंक घरी विकत आणणारे थोडे. वाचनालय मात्र तो संचात घेते, कारण सभासदांना नवे काहीतरी दाखवायचे असते. राज्यात शासनमान्य ग्रंथालये हजारोंनी आहेत. त्यांतल्या थोड्यांनी जरी एखादा अंक घेतला, तरी लहान संपादकाचा छपाईचा खर्च सुटायला मदत होते. आज अंकांची जी विविधता दिसते, ती या सामुदायिक खरेदीशिवाय इतकी वर्षे तगली असती असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप जाहिरातींचा. दिवाळी अंक चालतो तो सराफ, कापडवाले, बँका आणि सहकारी साखर कारखान्यांच्या पानांवर, वाचनालयाचा त्यात काय संबंध? जाहिरातींचा वाटा मोठा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. बरेच अंक त्यांच्यामुळेच छापले जातात. मात्र छापला जाणे आणि वाचला जाणे या दोन गोष्टी आहेत. जाहिरातदाराला दैनिकाचे पान एका दिवसापुरते मिळते. दिवाळी अंक नाताळ ओलांडून, पुष्कळदा होळीपर्यंत हातोहात फिरत राहतो, आणि हे आयुष्य त्याला वाचनालयात मिळते. शिवाय जाहिरात आटली तर तिच्यावरच विसंबलेला अंक बंद पडतो. वाचकांची मागणी असलेला अंक पाने कमी करून का होईना, निघतो.

गल्लीबोळांतल्या खासगी सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांनीही हेच काम केले, असे कोणी म्हणेल. केले, आणि मुंबई-पुण्यात तर फार चांगले केले. त्याने माझे म्हणणे खोडले जात नाही, उलट बळकट होते. दोन्हींकडे अंक सामाईक वर्गणीवरच वाचला गेला. फरक एवढाच की मालक थकला की खासगी लायब्ररीचे कपाट विकले जाते, आणि सार्वजनिक संस्थेत कार्यवाह बदलले तरी कपाट जागेवर राहते.

ते कपाट राहते, पण त्यातल्या दिवाळी अंकांचे काय होते, याकडे अभ्यासकांनी पाहायला हवे. नोंदीच्या दृष्टीने दिवाळी अंक अनेक ठिकाणी नियतकालिकांत मोडतो. पुस्तकाला दाखल क्रमांक मिळतो, लेखकाच्या नावाने त्याची नोंद होते. अंकातली कथा, तिचा लेखक, चित्रकार यांची नोंद क्वचितच होते. योजना संपली की फाटके अंक रद्दीत जातात आणि चांगले बांधून ठेवले जातात, तेही जागा असेल तर. मराठीतले किती कथाकार, व्यंगचित्रकार आणि ललित लेखक वाचकांना पहिल्यांदा या अंकांतून भेटले, हे शोधायचे तर पुस्तकरूपाने आलेल्या लेखनावर भागत नाही, कारण बरेचसे कधी पुस्तकात आलेच नाही. ठाण्या-मुंबईच्या जुन्या ग्रंथसंग्रहालयांत बांधीव खंड आहेत. त्यांची लेखकवार सूची आणि लहान गावांतल्या वाचनालयांच्या दिवाळी अंक योजनांच्या जुन्या वह्या, ही दोन साधने एकत्र आली तर कोणता अंक कुठल्या गावात किती हातांतून गेला, हे प्रत्यक्ष मोजता येईल. त्या वह्या आज जुन्या पावतीपुस्तकांबरोबर माळ्यावर पडलेल्या असतात आणि रंगकाम निघाले की सगळ्यात आधी त्याच बाहेर फेकल्या जातात.