लंडनची परदेशी भोजनगृहे

लंडन शहराच्या सोहो या विभागात लहानशा फेरफटक्यात फ्रेंच, इटालियन, चिनी, भारतीय असे नाना देशींचे अन्न मिळते. व्यापार आणि साम्राज्य यांच्या बळावर हे वैभव आले, असे सामान्यतः सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. साम्राज्याने मसाले आणले खरे. परंतु ते कढईत टाकणारा हात बहुधा एखाद्या निर्वासिताचा, खलाशाचा किंवा पोटासाठी गाव सोडलेल्या शेतकऱ्याचा होता. त्या हाताला शहराने कसे वागविले, हे पाहिल्यावाचून या भोजनगृहांचा इतिहास पुरा होत नाही.

सोहोची कथा फ्रान्सपासून सुरू होते. 1685 साली चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंट प्रजेचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले, तेव्हा हजारो कुटुंबे देशांतर करून इंग्लंडात आली आणि त्यांतील कित्येक सोहोत स्थिरावली. पुढे 1789च्या राज्यक्रांतीने सरदार व धर्मोपदेशक पळून आले, तर 1871 साली पॅरिसचे बंड मोडल्यावर बंडखोर आले. ज्यांनी मायदेशी एकमेकांचे गळे धरले असते, त्यांची पोटे परदेशी एकाच विभागाने भरली. स्वस्त, चविष्ट आणि आपल्या माणसांसाठी चालविलेल्या या खाणावळींकडे इंग्रज गिऱ्हाईक वळले ते नंतर.

हिंदी अन्नाचा प्रवेश निराळ्या दाराने झाला. 1747 साली प्रसिद्ध झालेल्या हॅना ग्लास हिच्या पाकशास्त्रावरील पुस्तकात ‘करी’ची कृती आहे. तथापि हिंदी माणसाने स्वतः चालविलेले भोजनगृह लंडनमध्ये उघडले ते 1810 साली. पाटण्याकडचा दीन महंमद हा कंपनीच्या बंगाल फौजेत नोकरी करून आयर्लंडला गेला. 1794 साली त्याने आपले प्रवासवर्णन इंग्रजीत प्रसिद्ध केले आणि पुढे लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर ‘हिंदुस्तानी कॉफी हाऊस’ थाटले. वेताच्या खुर्च्या, हुक्का, उत्तम तंबाखू आणि मसालेदार पदार्थ अशी सारी सिद्धता होती. परंतु हिंदुस्थानातून गबर होऊन परतलेल्या साहेबांच्या घरी बहुधा स्वतःचे स्वयंपाकी असत. दोन वर्षांत, 1812 साली, त्याचे दिवाळे निघाले. पुढे ब्रायटन येथे चंपी-मालिशाचे स्नानगृह चालवून त्याने नाव कमावले आणि राजघराण्याचीही सेवा केली.

यानंतर शतकाहून अधिक काळाने, 1926 साली, रीजंट स्ट्रीटवर ‘वीरास्वामी’ उघडले. त्याचा संस्थापक एडवर्ड पामर. या घराण्याचा मूळपुरुष जनरल विल्यम पामर अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यास पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट होता. त्याच्याच विल्यम नावाच्या मुलाची पेढी हैदराबादेत निजामाला कर्जे देत असे. हिंदुस्थानातून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांना गतवैभवाची आठवण करून देणारे हे भोजनगृह होते.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोदीच्या आसपास, निराळेच चित्र होते. आगबोटींवर कोळसा लोटणारे सिल्हेटचे खलाशी जहाज सोडून लंडनमध्ये राहत. त्यांतील काहींनी छोटी कॉफीगृहे काढली. कमर्शियल स्ट्रीटवरील अयूब अली यांचे कॉफीगृह नुसते खाण्याचे ठिकाण नव्हते. नवख्याला तेथे आसरा मिळे आणि निरक्षर खलाशाचे पत्रही लिहून दिले जाई.

इटालियन मंडळींचा मान मोठा होता. पण तो किती कच्चा होता, हे 1940 साली दिसले. 10 जून रोजी मुसोलिनीने युद्ध पुकारताच सोहोतील इटालियन दुकानांवर जमाव चालून गेला. ज्यांच्या हातचे लोकांनी वर्षानुवर्षे खाल्ले, ते वाढपी, आचारी आणि मालक स्थानबद्ध झाले. त्यांपैकी अनेकांना, जर्मन बंद्यांसह, ‘अरँडोरा स्टार’ या जहाजातून कॅनडाला धाडण्यात आले. 2 जुलै रोजी जर्मन पाणबुडीने ते बुडविले. मृतांचा आकडा 800हून अधिक होता आणि त्यांत 400हून अधिक इटालियन होते.

युद्धोत्तर काळात नियंत्रित अन्नाला लंडनकर विटले होते. रेशनिंग संपले ते 1954 साली. अशा वेळी सिल्हेटच्या खलाशांनी बाँबहल्ल्यात मोडकळीस आलेली उपाहारगृहे घेऊन डागडुजी केली आणि मद्यगृहे बंद झाल्यावरही रात्री दिवा तेवत ठेवला. गिऱ्हाइकाच्या जिभेसाठी त्यांनी पदार्थ बदलले. गोव्याचे विंदालू हे त्याचे उत्तम उदाहरण. पोर्तुगीजांच्या मद्य-लसणाच्या मुरवणीतून निघालेला, व्हिनेगरमध्ये मुरविलेल्या डुकराच्या मांसाचा हा पदार्थ. लंडनमध्ये ते तिखटाच्या एका पायरीचे नाव होऊन बसले. याच काळात हाँगकाँगच्या खेड्यांतील भातशेती परवडेनाशी झालेले शेतकरी आले आणि सोहोच्या जेरार्ड स्ट्रीटवर चिनी वस्ती वसली.

1962 साली ब्रिटिश पार्लमेंटने राष्ट्रकुलातील नागरिकांच्या आगमनावर निर्बंध घातले. भोजनगृहे वाढत होती, त्याच वेळी आचाऱ्याच्या भावाला दार आवळले जात होते. आणि 2001 साली परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी ‘चिकन टिक्का मसाला’ हा खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ असल्याचे जाहीर भाषणात म्हटले.

परकी चव आपलीशी करायला मनुष्याला फारसा काळ लागत नाही. परका मनुष्य आपलासा करायला पिढ्या लागतात. लंडनच्या भोजनगृहांनी ही दोन्ही कामे एकाच टेबलावर चालविली. पहिले काम पुरे झाले, याची साक्ष त्यांच्या पदार्थांच्या याद्या देतात. दुसऱ्या कामाचा हिशेब मात्र स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी उभे राहूनच विचारावा लागतो.