मनुष्यबळ विकास : कॅनडातील पदव्युत्तर शिक्षण

कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, कौशल्यवृद्धी आणि संस्थांतील बदल यांचा उच्चस्तरीय अभ्यास. कॅनडात हा विषय मुख्यतः औद्योगिक संबंध आणि प्रौढशिक्षण या दोन शाखांतून वाढला. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात औद्योगिक संबंध विभाग १९३७ मध्ये सुरू झाला. टोरांटो विद्यापीठाचे औद्योगिक संबंध केंद्र १९६५ चे. टोरांटोच्या केंद्रात औद्योगिक संबंध व मानव संसाधन या जोडविषयात पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी. करता येते. यॉर्क विद्यापीठातही मानव संसाधन व्यवस्थापनात दोन्ही पातळ्यांवर शिक्षण मिळते.

प्रौढशिक्षणाची शाखा अधिक मोलाची म्हणावी लागेल. टोरांटोतील ऑन्टारिओ शिक्षणाभ्यास संस्थेत रॉबी किड आणि ॲलन टफ यांनी काम केले. प्रौढ माणसे आपल्या शिकण्याचा मोठा भाग वर्गाबाहेर, स्वतःच आखून पार पाडतात, हे टफ यांनी १९७१ च्या ग्रंथात दाखवले. कामाच्या जागीच शिक्षण घडते, या आजच्या विचाराला त्यातून भक्कम आधार मिळाला.

क्वेबेकमध्ये कामाच्या जागच्या या शिक्षणाला कायद्याची जोड आहे. १९९५ च्या कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा वेतनखर्च असलेल्या मालकांना त्या खर्चाच्या किमान १ टक्का रक्कम प्रशिक्षणावर खर्च करावी लागते. ऑन्टारिओत मानव संसाधन व्यवसायाचे नियमन २०१३ च्या कायद्याने होते; विद्यापीठाची पदवी आणि व्यावसायिक प्रमाणपत्र तेथे वेगवेगळी मिळवावी लागतात, ही गोष्ट परदेशी विद्यार्थ्यांनी प्रवेशापूर्वीच ध्यानात घ्यावी.

कॅनडात हा विषय विद्यापीठांतून वाढला; भारतात मात्र उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास मुंबईच्या लार्सन अँड टूब्रोत मनुष्यबळ विकासाची स्वतंत्र व्यवस्था आखली. येथे वाट उद्योगातून विद्यापीठाकडे गेली.